आधी मागचं दार

१

मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा फ्रेमवाला दुकानात एका लग्नाच्या फोटोला काच बसवत होता. मेहुणा आला तो दारातच थांबून बूट पुसायला लागला, आणि तेवढ्यानंच यानं मान वर केली. एरवी हा माणूस चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघर गाठणारा, बहिणीच्या हातचा चहा अर्धा सांडून अर्धा पिणारा.

"भावोजी, हातातलं खाली ठेवा," तो म्हणाला. "मास्तर गेले."

मास्तर म्हणजे सांबर. पण गावात त्याला सांबर कुणी म्हणत नसे, आणि 'मेला' तर कुणी म्हणणारच नव्हतं.

"कुठं?"

"खाणीच्या वळणावर. पहाटे. दगडाचा ट्रक होता. ड्रायव्हर तिथंच रस्त्यात बसून रडत होता, भावोजी. त्याच्याही घरी मास्तरांचा फोटो आहे. फ्रेम तुम्हीच करून दिलेली, म्हणाला."

"पहाटे कशाला उतरले? त्यांची वेळ संध्याकाळची."

"काल संध्याकाळी आले होते का?"

फ्रेमवाल्यानं मान हलवली. काल आले नव्हते. दारं उघडीच राहिली होती.

मेहुणा नगरपालिकेचं खोदायचं यंत्र चालवायचा. "खड्डा मीच काढला," तो म्हणाला. "टेकडीवर, कोरडी जागा बघून. माती मी स्वतः लोटली. इतकी वर्षं गटारं खणली, पण यंत्राचा आवाज आज पहिल्यांदा नकोसा झाला."

मधल्या दारात त्याची बहीण येऊन उभी होती. कधीपासून, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"पाणी प्यायले होते का?" तिनं विचारलं.

"काय, ताई?"

"पाणी पिऊन परत चालले होते, की प्यायला येत होते?"

मेहुण्यानं भावोजींकडे पाहिलं. खोटं बोलावं की काय, असा प्रश्न त्याच्या तोंडावर उमटला आणि तसाच विझला. "येत होते. तोंड खालच्या बाजूला होतं."

"म्हणजे तहानलेलेच गेले," ती म्हणाली आणि आत वळली.

थोड्या वेळानं आतून, नळाखाली बादली लागल्याचा आवाज आला.

२

टेकडी आणि नदी यांच्यामध्ये घरांची एकच लांब ओळ होती, भिंतीला भिंत लागून. पूर्वी मध्येच एक बोळ होता. त्यात कुणीतरी गोदाम बांधलं आणि टेकडीवरच्या जनावरांची पाण्याची वाट बुजली. बाकीच्या जनावरांनी दुसरी वाट शोधली. हा एकटा एका संध्याकाळी फ्रेमच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला, आमंत्रण नसताना जेवायला आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून.

फ्रेमवाला काच कापायचा हिरा हातात धरून जागच्या जागी थिजला. लेक मात्र पळत आत गेली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती कधी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. तिनं आधी नदीकडचं मागचं दार सताड उघडलं, मग येऊन दुकानाच्या दाराची दुसरी फळी ढकलली.

"बाबा, त्याला फक्त पलीकडे जायचंय."

आणि तो गेला. दोन्ही भिंतींना काचा टेकलेल्या, वर पट्ट्यांचे भारे, त्यामधून मान तिरकी करून, शिंगाचं टोकही कुठं लागू न देता तो दुकानातून, मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून मागच्या पायरीवर आणि तिथून पाण्यावर गेला. काचा फक्त थरथरल्या.

मग ते रोजचंच झालं. खाली मान, संथ पावलं, कुणाशी बोलणं नाही, ठरल्या वेळी हजर. गावानं बघता बघता त्याला मास्तर करून टाकलं. मास्तर दिसले की मोठी माणसं विड्या लपवायची आणि पोरांची भांडणं मिटायची. लांबलांबून लोक बघायला यायचे, पण घरातून जाताना त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही, हा शिष्टाचार आपोआप ठरला. दुसरा नियम भिंगरीचा. आधी मागचं, मग पुढचं. जायची वाट मोकळी असल्याशिवाय यायची वाट उघडायची नाही. मास्तरांना उलटं वळणं माहीत नव्हतं. परतायचे ते नदीपलीकडून, पुलावरून, लांबचा वळसा घालून. आल्या वाटेनं परतलेले कुणी पाहिले नव्हते.

त्यांना हात फक्त भिंगरी लावायची. गळ्याची राठ आयाळ मुठीत घट्ट धरून ती मागच्या पायरीपर्यंत त्यांच्याबरोबर चालायची.

दोन वर्षांपूर्वी नदी भरलेली असताना ती पायरीवर थांबली नाही. "पाण्यापर्यंत जाऊन येते," असं आईला ओरडून सांगितलं, तेवढंच. ती बंधाऱ्याच्या खाली सापडली. मास्तर अंधार पडेपर्यंत गळाभर पाण्यात उभे होते, असं बघणारे सांगत. शेवटपर्यंत साथ दिली, म्हणत. त्यानंतर गावाचा मास्तरांवर जीव आणखीच जडला.

फ्रेमवाल्यानं त्यावर कधी काही म्हटलं नाही. मुक्या जनावराचा काय दोष? फक्त एक गोष्ट त्याच्या मनातून जात नव्हती. भिंगरीची मूठ फार घट्ट असायची. बाजारात तिनं धरलेलं बोट सोडवून घेताना त्याला एकेक बोट उलगडावं लागायचं. ती मूठ सुटली कशी, की सुटलीच नव्हती, हे त्याला कळलं नव्हतं.

बायको मात्र रोज संध्याकाळी दारं उघडत राहिली. ती जेवायला विसरायची, बोलायला विसरायची, पण दारं विसरली नाही. तो क्षण सोडला तर ती दिवसभर घरात असून नसल्यासारखी होती. म्हणून तोही गप्प राहिला.

३

बातमी आली त्या दिवशी दुपारपासून दुकानात माणसांची रीघ लागली. चौकात मास्तरांचा मोठा फोटो लावायचा ठरला होता, फ्रेम अर्थातच इथली. जो तो येऊन फोटो बघून जात होता. पुढचं दार त्यामुळे उघडंच होतं.

नदीकडून वारा सुटला. ओल्या सरसावर धूळ बसायला लागली तेव्हा फ्रेमवाला उठून आत गेला आणि मागचं दार लावून त्यानं कडी घातली. कडी घालताना हात जरा घुटमळला. दोन वर्षं त्याला हे करायचं होतं. आता कुणासाठी उघडं ठेवायचं? कडी जागेवर बसली तेव्हा त्याला, खोटं कशाला बोला, हलकं वाटलं.

उन्हं उतरली. माणसं पांगली. तो पट्टीचे कोन जुळवत होता. पंचेचाळीस अंशांच्या कापात केसभरही फट राहिली तर ती आयुष्यभर दिसते, म्हणून त्याची नजर तिथंच गुंतलेली होती. उंबऱ्यावर खूर वाजला. मग फरशीवर दुसरा, तिसरा. ओळखीचा, संथ, किंचित घसरता आवाज. भिंतीच्या काचा थरथरल्या. वाट मोकळी व्हावी म्हणून त्यानं सवयीनं खुर्ची पुढं ओढली, सवयीनंच मान खाली घातली. पाठीमागून ओल्या गवताचा वास गेला. पावलं मधल्या खोलीत शिरली.

कोन जुळला. त्यानं बारीक खिळा ठोकायला हातोडी उचलली आणि ती हातातच राहिली.

मास्तर गेले होते. माती मेहुण्यानं लोटली होती.

तो कान देऊन बसला. आता स्वयंपाकघर, आता मागची पायरी. पायरीच्या दगडावर खुरांचा आवाज बदलायचा, पोकळ व्हायचा. तो आवाज आला नाही. आत कुठंतरी एकदाच जमिनीवर पाय आपटल्याचा आवाज झाला. वाट अडली की जनावर आपटतं तसा.

मग सगळं शांत.

४

रस्त्यावरून एखादा ट्रक गेला असेल. काचांना काय, ढग गडगडला तरी थरथरतात. आणि वासाचं म्हणाल तर वारा नदीकडचा. फ्रेमवाला एकेका गोष्टीला कारण चिकटवत आत गेला. कारणं सगळी नीट बसत होती. नीट बसलेल्या गोष्टींवर त्याचा विश्वास होता. जन्मभर त्यानं तेच काम केलं होतं.

मधल्या खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात बायको ताटल्या पुसत होती.

"अगं, कुणी आलं होतं का?"

तिनं ताटली पुसून ठेवली. "तुम्ही मागचं दार लावलंत," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता, आणि रागही नव्हता.

"वारा होता. आणि आता काय…"

"पुढचं उघडं ठेवून मागचं लावलंत."

त्यानं दाराकडे पाहिलं. कडी घातलेली होती. दारावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, ओला डाग होता. कुणी कपाळ टेकवून उभं राहावं तेवढा. तो बघता बघता वाळून गेला.

मागं वळताना त्याच्या लक्षात आलं की भिंगरीच्या खोलीचं दार बंद आहे. ते दार दोन वर्षांत कधी बंद झालेलं नव्हतं. बिजागरी खाली आली होती. ते उचलून ढकलल्याशिवाय लागतच नसे. दाराशी बादली होती. सकाळी भरलेली. त्यात आता टिपूस नव्हता.

"हे तू बंद केलंस?"

"नाही हो," ती म्हणाली. दोन वर्षांत प्रथमच तिच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं. "मी कशाला करू? अडकतील ना."

५

"अहो फ्रेमवाले, तुमचं चाललंय तरी काय?" शेजारची शिंपीणकाकू दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या; टाचण्या सांभाळून बोलायची तिची हातोटी गावात प्रसिद्ध होती. "दोन दिवस झाले, मशीनवर बसलं की पाठीमागं, डोक्याच्याही वर, घासर-घासर. कपाटं सरकवताय का?"

"उंदीर असतील, काकू."

"इतक्या उंचीवर? उंदीर काय स्टूल घेऊन येतात?" तिनं टाचण्या हातात काढल्या. मग आवाज उतरवला. "हे बघा, तुमच्या लेकीच्या खोलीला लागून माझी भिंत. तिथं मी कधी खिळासुद्धा ठोकला नाही, तुम्हाला माहितीय. पण ओल आलीय हो. कापडाचे तागे हलवावे लागले. नळ फुटलाय का बघा. आणि वहिनी बऱ्या दिसतात आता. काल चक्क गुणगुणत होत्या."

तेच तर होतं. बायको बरी दिसत होती. ती जेवत होती, केस विंचरत होती, मेहुणा आला तर त्याच्या बुटांवरून त्याला पूर्वीसारखी बोलत होती. "दोन पायांचा आहेस की चार, रे? मास्तर बरे तुझ्यापेक्षा, त्यांचे पाय स्वच्छ असायचे." मेहुणा हसता हसता रडला. जाताना भावोजींचा हात धरून म्हणाला, "ताई परत आली. कशी का होईना, आली."

फ्रेमवाल्याला ती बादल्या नेताना दिसायची. भरलेली बादली भिंगरीच्या दारात ठेवायची, दाराकडे न बघता मागं यायची. थोड्या वेळानं रिकामी बादली उचलायची. मधल्या वेळात दार उघडल्याचा आवाज कधी यायचा नाही. यायचा तो एवढाच: पाणी ओढून घेतल्याचा, लांब, सावकाश, मध्ये दम न घेता. तो सुरू झाला की फ्रेमवाला करवत चालवायला घ्यायचा, कापायचं काही नसलं तरी.

आणि उन्हं उतरली की पाय आपटणं. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

त्यानं पुढचं दार सताड उघडं ठेवून पाहिलं. आल्या वाटेनं बाहेर जावं, एवढीच आशा. पण जी गोष्ट मास्तरांनी जन्मात केली नव्हती, ती आता कशी करतील? दारातून फक्त धूळ आली.

६

मग एका सकाळी मागच्या दाराशी त्याला बायकोच्या चपला दिसल्या. जोडीनं ठेवलेल्या, तोंडं दाराकडे. त्यानं त्या उचलून मधल्या खोलीत ठेवल्या. दुपारी त्या पुन्हा तिथं होत्या.

त्यानं दुकानातून कुलूप आणलं आणि कडीला लावलं. किल्ली कामाच्या एप्रनच्या खिशात टाकली. बायको चुलीशी उभी राहून बघत होती.

"उघडण्याऐवजी कुलूप घालताय," ती म्हणाली.

"तुझ्या चपला इथं कशाला?"

"त्यांना बादलीनं भागतं का हो? तुम्हीच सांगा. एवढा मोठा जीव." ती समजावणीच्या सुरात बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तसं. "तुम्ही दार उघडा. मी नुसती पाण्यापर्यंत जाऊन येते."

शब्द तेच होते. चालही तीच, 'येते'वर किंचित उंच होणारी.

"भिंगरी हेच म्हणाली होती," तो कसाबसा म्हणाला.

"हो ना." तिच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "तीही आता कंटाळलीय आत."

"अगं, आत कुणी नाही." त्याचा आवाज चढला. "आत कुणीही नाही! मास्तर टेकडीवर पुरलेत. तुझ्या भावानं पुरलेत. आणि आपली पोर…"

पुढचं वाक्य त्यानं दोन वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. आताही ते आलं नाही. त्या थांबलेल्या जागी, बंद दाराआड, कुणीतरी हळूच पाय आपटला.

"ओरडू नका," बायको कुजबुजली. "मास्तरांसमोर कुणी ओरडतं का?"

किल्ली फिरवायची, दार उघडायचं, एवढंच काम होतं. मग जे आत आलंय ते पाण्यावर जाईल आणि घर मोकळं होईल. पण त्याच्या मागोमाग कोण जाईल, हे त्याला आता पक्कं माहीत होतं. धरून ठेवावं म्हटलं तर? तो बाजूला उभा राहून तिला धरू शकला असता. माणूस माणसाला धरू शकतो. मग त्याला ती मूठ आठवली, आणि गळाभर पाणी.

७

चौकातली फ्रेम पुरी व्हायची होती. काच कापून, पुसून झाली. शेवटची तपासणी तेवढी बाकी होती, आणि ती त्यानं कधी चुकवली नव्हती. काचेखाली काळा पुठ्ठा धरायचा आणि काच उजेडात तिरकी करायची. मग तिच्यावरचा केसही दिसतो. त्या वेळी काच काच राहत नाही, काळा आरसा होते.

उन्हं उतरत होती. त्यानं काच तिरकी केली. धुळीचा एक कण दिसला, तो फुंकला. आणखी जरा तिरकी केली, तेव्हा काचेत त्याचा खांदा आला, खांद्यामागचं मधलं दार आलं, दारातून भिंगरीच्या खोलीपर्यंतचा पट्टा आला.

खोलीचं दार उघडं होतं.

आधी शिंगं आली, चौकटीखालून वाकून, तिरकी. त्यांना शेवाळ लोंबत होतं आणि त्यातून पाणी गळत होतं. कोरड्या टेकडीवर कोरड्या मातीत पुरलं होतं त्यांना. मग मान. मानेपलीकडे बायको चालत होती, पावलाला पाऊल जुळवून, डोळे मिटून, चपला घातलेल्या. तिचा एक हात आयाळीत होता.

शिंगांखालचा चेहरा काचेत आला नाही. त्यानं काच हलवली असती तर आला असता.

त्याची नजर आयाळीवर खिळली. बायकोच्या हाताच्या खाली, बऱ्याच खाली, लहान पोराचा हात पोचेल अशा उंचीला, ते राठ, ओले केस एका जागी गोळा झाले होते. पिळले गेले होते, ताणले गेले होते. मुठीत घट्ट धरल्यासारखे. धरणारं तिथं कुणी नव्हतं.

पट्ट्यातून ते पुढं सरकलं आणि स्वयंपाकघराकडे नाहीसं झालं. कुलूप एकदा वाजलं. कुणी कपाळानं सावकाश ढकलावं तसं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग बायकोचा आवाज, अगदी रोजचा, कोवळा: "आज नाही वाटतं. चला."

पावलं परत आली. मास्तर कधी मागं वळत नसत. ही पावलं वळली. तेवढंच ती या घरात येऊन शिकली होती.

फ्रेमवाल्यानं काच पालथी ठेवली. मागं वळून पाहिलं नाही.

चौकात फ्रेम लागली. माणसं गहिवरली. मेहुण्यानं दोन शब्द बोलायचे होते, त्याला चार अक्षरंही बोलता आली नाहीत. काम नेहमीसारखंच चोख झालं, असं शिंपीणकाकू म्हणाली, आणि ओल आता छतापर्यंत चढल्याचंही तिनं त्याच दमात सांगितलं.

बायको बरी आहे. ती जेवते, गुणगुणते, बादल्या भरते. उन्हं उतरली की ती चपला घालून मागच्या दाराशी जाऊन उभी राहते आणि नवऱ्याची वाट बघते. तोही हातातलं काम ठेवून येतो, एप्रनच्या खिशात हात घालतो. किल्ली आता गार लागत नाही, इतका वेळ ती त्याच्या मुठीत असते.

मागचं दार त्यानं अजून उघडलेलं नाही.